कडेच्या पाच ओळी

माझ्या लेकीच्या कॉलेजच्या फॉर्मावर मी कपाशी पेरली होती. म्हातारी काहीतरी अलंकारिक बोलते आहे असं तुम्हाला वाटेल, पण तसं नाही. अगदी रीतसर पेरली होती. कडेला पाच ओळी, मधे खरं पीक. त्या पेरणीत लेकीचं एक वर्ष गेलं.

आठवायचं कारण म्हणजे जून. आमच्या ओसरीवर जून महिना दोन ढिगांनी येतो. एका अंगाला बियाण्याची पाकिटं असतात, दुसऱ्या अंगाला ज्या घरात बारावीचं पोर असेल त्या घरात कागद. यंदा कागद नाहीत, मोबाइल आहे. माझी लेक वंदना चार दिवसांसाठी बुलढाण्याहून आली आहे, सोबत तिची पोरगी रेवा. रेवाचा निकाल लागला. आता कोणतं कॉलेज आधी आणि कोणतं नंतर, असा पसंतीक्रम भरायचा आहे. मी चष्मा लावून नुसती जवळ सरकले तर पोरगी मोबाइल उराशी धरून म्हणते, "आजी, तू तिकूनच पाह्य. मम्मीनं सांगतलं, आजीले बटन दाबू देऊ नको."

वंदना भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते.

हसा. मीही हसते. तेव्हाची मी मला आज रस्त्यात भेटली असती, तर मी तिला बसवून चहा पाजला असता आणि तिच्या हातातला पेन हळूच काढून घेतला असता. चाळीस-बेचाळीस वर्षांची बाई, सातवी पास, आणि गावात सगळ्यात जास्त कळतं ते आपल्यालाच अशी तिची खात्री. ती खात्री तिला कुठून आली, तर बियाण्याच्या एका पुडीतून.

तेव्हा बीटी, म्हणजे बोंडअळी लागत नाही म्हणायचे ते कपाशीचं बियाणं, आमच्या सुलतानपूरकडच्या गावांत नवंनवं होतं. पाकिटावर मुठीएवढी बोंडं आणि हसणारा शेतकरी. मोठ्या पाकिटाच्या आत एक छोटी पुडी निघायची, साध्या कपाशीच्या बियांची. ती पुडी वावराच्या चारी कडांनी पेरायची, पाच ओळी. गावातले लोक ती पुडी उकिरड्यावर टाकत. साधं बी लावून जागा कशाला वाया घालवायची, असा सगळ्यांचा हिशेब. कृषी सहायक म्हणून एक साहेब यायचे, त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बसवून त्याचं कारण समजावलं. ते बरंच मोठं होतं. साध्या अळ्या, औषध पचवणाऱ्या अळ्या, त्यांची पुढची पिढी. मी पहिल्या रांगेत बसून सारखी मान हलवत होते. घरी येईपर्यंत डोक्यात उरलं ते एवढंच की अळी कडेकडेनं येते, कडेलाच पोट भरते आणि मधलं पीक वाचतं.

आमच्या ह्यांना, म्हणजे वंदनाच्या बाबांना, मी ती पुडी टाकू दिली नाही. पदर खोचून पाच ओळी मीच बोटानं बी दाबत टोबल्या, वावराच्या चारी बाजूंनी. शेजारच्या बाया बांधावर उभ्या राहून हसत. "काऊन व, अळीची पंगत घालून राह्यली का?" मी म्हटलं, "हाव. तुमच्याकडची अळीबी जेवाले पाठवा." पुढं खूप वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली आणि तिनं कोणाचं काही ठेवलं नाही, तेव्हा त्याच बाया मला म्हणाल्या की तुझं बरोबर होतं. आता तर कंपनीवाले साधं बी पाकिटातच मिसळून देतात, वेगळी पुडीच नाही. म्हणजे वावरात मी शहाणी होते. घोळ झाला तो वावर सोडून बाहेर पडले तिथं.

वंदनाला बारावीला चांगले मार्क पडले होते. तिला इंजिनियर व्हायचं होतं आणि तेही अमरावतीच्या सरकारी कॉलेजात, कारण तिच्या सरांची पोरगी तिथं शिकली होती आणि तिथल्या मोठमोठ्या झाडांचं वर्णन करायची. वंदनाला त्या झाडांचाच जास्त ध्यास लागला असावा. तिनं वहीच्या पानावर अकरा कॉलेजांची यादी केली. वर तीन सरकारी, अमरावती पहिलं. खाली आठ खाजगी. अकरावं नाव दोन जिल्हे पल्याडच्या एका नव्या कॉलेजाचं, जे तिनं केवळ पान भरलेलं दिसावं म्हणून लिहिलं होतं. आणि फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी ती तापानं फणफणली. ह्यांना पेरणी सोडून हलता येईना. म्हणून यादी घेऊन बुलढाण्याला निघाले मी.

एसटीनं मेहकर, मेहकरहून चिखली, चिखलीहून बुलढाणा. एवढा वेळ बाईच्या हातात कागद आणि पर्समध्ये पेन असेल तर काय होणार. मी यादीकडे पाहत बसले. अमरावती अगदी वर, उघड्यावर. म्हटलं, पोरीला काही समज नाही. जे सगळ्यात मोलाचं ते सगळ्यात आधी दाखवायचं? गावोगावची हजारो पोरं येणार, ती पहिल्या नावावरच तुटून पडणार. आधी त्यांना खायला काहीतरी द्यावं, मधलं आपल्यासाठी राहील. चिखलीपर्यंत माझा आराखडा तयार झाला. पाच नको असलेली कॉलेजं वर लिहिली, मधे तीन सरकारी, खाली उरलेली तीन. खालच्या कडेला दोन ओळी कमी पडल्या म्हणून मी खरोखर हळहळले. आणि सगळ्यात निरुपयोगी ते सगळ्यात बाहेर पाहिजे, म्हणून ते दोन जिल्हे पल्याडचं अकरावं नाव मी पहिलं टाकलं.

आता वाटतं, दोष एकट्या कपाशीचाही नव्हता. आम्ही बाया वाढलोच तशा. दुकानात आवडलेल्या लुगड्याकडे पाहायचं नाही, आधी नको असलेल्या तिघांचे भाव विचारायचे आणि जाता जाता म्हणायचं, "अन् ते काय हाय कोपऱ्यात?" गोरंगोमटं लेकरू झालं की त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावायचा. पंगतीत बासुंदी हवी असली तरी वाढणारी आली की हात आडवा करायचा. हवी असलेली गोष्ट मोठ्यानं म्हटली की तिला नजर लागते, असं आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, ते आमच्या हाडात होतं. मी लेकीच्या फॉर्मालासुद्धा तीट लावली.

बुलढाण्याला कॉम्प्युटरवर बसलेल्या बाईंनी यादी पाहून विचारलं, "मावशी, हे पहिलं? नक्की? तुमच्या मुलीला मार्क चांगले आहेत."

मी त्यांच्याकडे पाहून असं हसले, जसं साहेबांच्या सभेतून आल्यावर शेजारणींकडे हसले होते. "टाका मॅडम. आमचं काही गणित हाय."

ते गणित पंधरा दिवसांनी सुटलं. पहिली पसंती मिळाली, अभिनंदन. आणि पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेरीत तुमचं नाव नाही, असा नियम. वंदनाचा ताप उतरला होता, पण ती अजून पिवळीच होती. तिनं तो छापलेला कागद वाचला, पुन्हा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, यादी कोनं बदलली?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. अळी, कड, मधलं पीक. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येऊ लागलं. वंदना हसायला लागली. खूप हसली, पोट धरून, भिंतीला टेकून. मग तोंड झाकून घेतलं, आणि ती हसते आहे की रडते आहे हे मला बराच वेळ कळलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. 'हो' आणि 'नाही' ह्या दोन शब्दांवर तिनं कितीतरी दिवस काढले. ह्यांना एकदाच म्हणाली, "मी जात नाई बाबा. वावरातच बरी."

तो काळ कसा होता ते सांगायला हवं. रोजच्या पेपरात आमच्या भागाचं नाव असे आणि ते चांगल्या कारणानं नसे. वंदनाच्याच वर्गातली मंगला, तिच्यापेक्षा चार मार्क जास्त मिळवलेली. आदल्या दिवाळीआधी एका सकाळी तिचा बाप वावरात गेला आणि परत आला नाही. मंगलानं फॉर्मच भरला नव्हता. घरी राहिलेल्या पोरींची लग्नं त्या वर्षी पटापट ठरत होती, पावसाची वाट न पाहता. वंदना घरी राहिली तर दसऱ्यापर्यंत कोणीतरी पाहुणा उंबऱ्यात येणार आणि मला 'नाही' म्हणायला तोंड उरणार नाही, हे मला दिसत होतं. लेकीचं नुसतं कॉलेज नाही, सगळंच बाहेरच्या ओळीत जाऊन पडलं होतं.

त्या दिवशी आम्ही निंदत होतो. तण माजलं होतं. मी, वंदना, मंगला आणि आणखी दोघीतिघी, रांगेनं खुरपं चालवत कडेच्या पाच ओळींपर्यंत आलो. कोणीतरी वंदनाला विचारलं की कधी निघतेस. ती म्हणाली, "मले नको ते कॉलेज."

मंगलानं खुरपं थांबवलंही नाही. "नको असन तं मले दे, वंदे. तुह्या नावानं जातो, तुह्या नावानं पास होतो. वापस येऊन डिग्री तुह्या हाती देतो, फोटो फक्त माहा लावजो."

सगळ्या हसल्या. मंगलाही हसली. वंदना हसली नाही. तिनं ती ओळ शेवटपर्यंत निंदली, खुरपं बांधावर ठेवलं आणि घरी गेली. आम्ही परतलो तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी अंगणात होती आणि ती आतून पुसत होती. माझ्याशी तेव्हाही बोलली नाही. पण पेटीचं झाकण धरायला मी हात लावला, तर तिनं तो झटकला नाही.

मंगला आता सुलतानपूरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवते. मी दिसले की गिऱ्हाईक सोडून विचारते, "काकू, यंदा कोनाचा फारम भरून राह्यल्या?"

त्या कॉलेजला मुलींचं वसतिगृहच नव्हतं. होईल म्हणून एक फलक होता आणि त्याच्यामागे माळ. मग वंदनाला घेऊन मी खोली शोधायला निघाले, प्रायश्चित्त म्हणूनच म्हणा. तीन घरं पाहिली. एकीकडे कडी आतून लागत नव्हती, दुसरीकडे पाणी दोन गल्ल्या लांब, तिसरीकडे मालकाची नजर. चौथं घर पिंजाऱ्याचं, गाद्या-रजया भरणाऱ्या रुखसानाबींचं. माझ्या मनात काय काय आलं ते मी लिहिणार नाही, त्या बाईनंही ते कधी विचारलं नाही. मी फक्त ठाणेदारासारखी ओसरीवर उभी राहून म्हटलं, "तुमच्याकडं येणंजाणं कोणाचं असते?"

रुखसानाबींच्या भुवयांवर, केसांवर, दंडांवर कापसाचा भुगा होता. "कापसाचं, बाई," त्या म्हणाल्या. "दिवसभर येतो, अन् नाकातून जातो."

त्या कागदानंतर वंदना पहिल्यांदा हसली. पुऱ्या श्रावणात ऐकलं नव्हतं ते हसू. खोली ठरली.

रुखसानाबींनी मला कडी दाखवली, खिडकीचे गज हलवून दाखवले, मोरीचं दार दाखवलं. मग म्हणाल्या, "मलेबी दोन लेकी हायेत बाई. एक मालेगावले, एक भुसावळले. दोघीबी कोनाच्या तरी भरवशावरच हायेत ना." त्यानंतर मी काही तपासलं नाही.

पहिली परीक्षा नेमकी वेचणीत आली. त्या वर्षी लाल्या पडला होता. पानं तांबडी होऊन गळत होती, बोंडं अर्धीच उकललेली. पाकिटावरचा शेतकरी तेवढा हसत होता. कडेच्या पाच ओळी तर अळीनं मनसोक्त खाल्ल्या होत्या, तिथला कापूस सगळा कवडी, पिवळट डागाचा, चिकटलेला. बाजारात तो कोणी हातात धरेना. मी तो एका गाठोड्यात बांधला, दुसऱ्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी घेतली, आणि वेचणीच्या ऐन घाईत लेकीकडे निघाले. ह्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "तिथं काही लिहून देऊ नको."

गाठोडं पाहून रुखसानाबींनी बोटानं कापूस उसवला. "हे काय आणलं?" मी म्हटलं, "कोनी घेत नाई. पोरगी सतरंजीवर झोपते म्हनून." त्यांनी दोन दिवस बसून त्यातली सरकी काढली, किडकं निवडलं, बाकीचं पिंजलं. पिंजल्यावर कोणता कापूस कुठल्या ओळीचा हे देवालाही सांगता आलं नसतं. वंदनाची गादी झाली. त्या पोरीनं पुढच्या सगळ्या पेपरांचा अभ्यास त्या गादीवर बसून केला.

आणि मी काय केलं? मी आठ दिवस तिच्या खोलीत राहून तिला जमेल तेवढा त्रास दिला. पहाटे उठून मी स्टोव्ह पेटवी, तो भडके, खोलीभर धूर होई. ती खोकत वाचे. दर अर्ध्या तासानं मी विचारी, "समजते ना?" ती म्हणे, "तू गप्प बसली तं समजते." गणिताच्या पेपराला मी तिच्यामागे कॉलेजपर्यंत गेले आणि माळावरच्या एकुलत्या एका बाभळीखाली तीन तास बसले. शिपायानं दोनदा येऊन विचारलं की बाई, कोणाला भेटायचं आहे. तिसऱ्यांदा तो पाण्याचा तांब्याच घेऊन आला. त्या बाभळीखाली बसून मी अमरावतीच्या झाडांचा विचार करत होते. कधी पाहिली नव्हती, तरी मला ती पानापानानं दिसत होती.

पेपर सुटला. पोरी घोळक्यानं बाहेर आल्या. वंदनानं मला पाहिलं, जवळ आली आणि माझ्या शेजारी मातीत बसली. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही. आठ दिवसांत तेवढी एकच गोष्ट मी शहाणपणाची केली. तिनं डब्यातली भाकरी काढून अर्धी मला दिली. आम्ही दोघींनी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, काटे चुकवत, ती खाल्ली. तिथून पुढं आमचं बोलणं सुरू झालं, तेही ठेच्यात मीठ जास्त झालंय ह्यावरून.

आत्ता ओसरीवर रेवाचं चाललं आहे. पहिल्या नंबरावर तिनं पुण्याचं टाकलं. मग जीभ चावली. "मम्मी, मिळन का पण? पह्यलं दुसरं टाकू का, थोडं सोपं?" वंदनानं भाजीचं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मायलेकींची ही नजरानजर पोरीला कळली नाही, आणि कळायचं कारणही नाही. रेवा पुण्याला गेली तर तिलाही कुठल्या तरी खोलीची कडी लागेल, कोणाच्या तरी भरवशावर राहावं लागेल. वंदना आठवड्यापासून पुण्यातल्या खोल्यांचे फोटो बघते आहे, प्रत्येक दाराचा कडीकोयंडा मोठा करून. काल मी म्हटलं, "फोटोत कडी दिसते, पन लागते का ते दिसत नाई." ती म्हणाली, "म्हनूनच तुले घेऊन जाऊन राह्यलो ना सोबत." म्हणजे मला बटणाची बंदी आहे, कडीची नाही.

शेवटी राहिलं ते सांगते. त्या पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला, आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलून मागता येतं असं कळलं. त्यासाठी फॉर्म निघाला. सीट मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तिकडेच बघत बसाल. पुढची तीन वर्षं वंदना अमरावतीच्या झाडांखाली शिकली, आणि रुखसानाबींनी ती गादी दोरीनं बांधून स्वतः एसटीच्या टपावर चढवायला लावली. मला सांगायचं आहे ते सीट मिळायच्या आधीचं.

फॉर्म ह्याच ओसरीवर आला होता, कागदाचा, तीन रकान्यांचा. मी जाणूनबुजून परसात गेले होते, शेणाला हात घालून बसले होते, म्हणजे कोणी बोलावलं तरी येता येऊ नये. वंदनानं हाक मारली. मी म्हटलं, हात भरले आहेत. ती म्हणाली, धू. मी हात धुऊन आले, पदराला पुसले. तिनं फॉर्म पाटावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिला. मी तो परत तिच्यापुढं धरला. म्हटलं, "मी नको व पोरी." तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते:

"लिही तूच. पह्यल्या रकान्यात अमरावती. अक्षर वाकडं आलं तरी चालन, आई. फक्त कड पेरू नको."